पौर्णिमेला बरा होणारा बग

सकाळी लॅपटॉप उघडला की माझी पहिली पाच मिनिटं शिव्या देण्यात जातात. काल नीट चालणारा प्रोग्राम आज चालत नाही, आणि मधल्या वेळात मी त्याला बोटही लावलेलं नसतं. कुठल्यातरी लायब्ररीची, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडची, नवी आवृत्ती आलेली असते. कुणीतरी दूरदेशी बसून ठरवलेलं असतं की जुनं फंक्शन आता नको. मग पडद्यावर लाल अक्षरांत तीस ओळी उमटतात. त्या वाचून एवढंच कळतं की काहीतरी बिघडलंय. ते मलाही दिसतंय मेल्या, काय बिघडलंय ते सांग ना. पंधरा वर्षं हेच काम करतेय, पण ही कटकट काही संपली नाही.

मी धाकट्या डहाणूला, आईबाबांच्या घरी राहून काम करते. कंपनी मुंबईची. मागच्या खोलीत टेबल आहे, खिडकीतून खाडी दिसते, आणि मीटिंग चालू असताना बाहेर वाळत घातलेल्या बोंबलांवर कावळे आले की मला माइक बंद करून हाकलायला जावं लागतं. मीटिंगमध्ये काय चाललेलं असतं, तर प्रोग्रामिंगच्या भाषांची भांडणं. हे पायथनमध्ये का लिहिलं, ते रस्टमध्ये का नाही लिहिलं, जावास्क्रिप्ट लिहिणारी माणसं माणसं तरी आहेत का. एकदा चाळीस मिनिटं नुसत्या ह्यावर गेली की ओळीच्या सुरुवातीला दोन जागा सोडायच्या की चार. मी ऐकत बसते आणि मनात म्हणते, जरा आमच्या डहाणूच्या बाजारात या. आमची आई मासे विकताना एका गिऱ्हाइकाशी मराठी बोलते, दुसऱ्याशी गुजराती, तिसऱ्याशी हिंदी, आणि तलासरीकडून कुणी आलं तर त्याच्याशी त्याच्यासारखं. मासा विकला जातो. कुठली भाषा श्रेष्ठ म्हणून तिथे कुणी टोपली आपटत नाही.

हे सगळं वैतागणं रोजचंच होतं. खरा मनस्ताप सुरू झाला तो दादाच्या एका मागणीवरून.

दादा माझा मोठा भाऊ. बारा वर्षं कारखान्यात नोकरी केली आणि दोन वर्षांपूर्वी बाबांची बोट चालवायला घेतली, कारण बाबांचे गुडघे गेले. आमच्या खाडीची गोष्ट अशी की तोंडाशी वाळू साचलेली आहे. भरती असली तरच बोट आत येते. पाणी उतरायला लागल्यावर आलात तर वाळूवर बसलात, पुढचं पाणी येईपर्यंत आडवे. म्हणून पाण्याची वेळ चुकवून चालत नाही. आणि ही वेळ गेली चाळीस वर्षं सांगायचे ते आमचे बाबा. नुसत्या आमच्याच बोटीला नाही, आळीतले सगळे तांडेल बोट काढायच्या आधी आमच्या ओट्याशी थांबायचे. “काका, उद्या पाणी?” बाबा वर न बघता सांगायचे, “सव्वानऊ.” तो मान हलवून निघून जायचा. परत विचारायचं नाही, ही रीत होती. पाणी एकदा विचारायचं. दुसऱ्यांदा विचारलं म्हणजे तुमच्या शब्दावर माझा भरवसा नाही असं तोंडावर सांगितल्यासारखं. माझ्या लहानपणी एका तांडेलाने दोनदा विचारलं होतं, तर बाबा त्याच्याशी पुढचं वर्षभर बोलले नव्हते.

दादा म्हणाला, “तू एवढी कॉम्प्युटरवाली आहेस, तर हे फोनवर आण ना. बाहेर समुद्रात रेंज नसते, बाबांना विचारणार कसं?” मी म्हटलं, एका रविवारचं काम आहे. हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा बोलले तितक्या वेळा तोंडावर पडले.

बाबांचा हिशोब इतका सोपा आहे की मला लाज वाटली. तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. त्यात आपल्या खाडीच्या तोंडासाठी वर एक तास. पावणेपाचला पाणी. संपलं. बाबांनी हे मला चहा पिता पिता सांगितलं, आणि वर म्हणाले, “एवढ्यासाठी मशीन कशाला लागतं बाय?”

मशीन लागलंच. तीन ओळींचा हिशोब, आणि त्यासाठी मी जे काही उतरवून घेतलं त्याने लॅपटॉपची जागा भरली. आधी कुठल्या भाषेत लिहायचं यावर दोन दिवस घालवले, ज्या गोष्टीसाठी मी इतरांना हसते तीच. मग तिथीसाठी लायब्ररी शोधली. तारखांच्या लायब्रऱ्यांमध्ये जगातलं सगळं असतं हो, कुठल्या बेटावर घड्याळ अर्धा तास पुढे आहे तेही असतं. तिथी मात्र कुणाला सुचलेली नाही. एक सापडली, तिची आवृत्ती जुनी. ती चालवायला दुसरी एक जुनी हवी. ती बसवली तर तिसरी रुसली. सगळ्यांची समजूत काढून एकदाचा प्रोग्राम उभा राहिला तेव्हा मी आईला हाक मारून दाखवला. आई म्हणाली, “छान आहे. बोंबील उचल, ऊन गेलं.”

पण दादाच्या हातात द्यायचा तर तपासायला हवा. मी रोज सकाळी बाबांना विचारायची, “बाबा, आज पाणी?” ते सांगायचे, मी वहीत लिहायची आणि प्रोग्रामच्या उत्तराशी ताडून बघायची. पहिले काही दिवस अगदी जुळलं. मग एक दिवस पाऊण तासाचा फरक आला. दुसऱ्या दिवशीही आला. नंतर दीड तासाचा. मग पौर्णिमा आली आणि सगळं पुन्हा चोख जुळलं. चार-पाच दिवसांनी परत सरकायला लागलं, अमावास्येला पुन्हा जागेवर.

मी अनेक तऱ्हेचे बग पाहिलेत. पौर्णिमेला आपोआप बरा होणारा बग पाहिला नव्हता. माझं डोकं फिरायची वेळ आली. आधी वाटलं, सर्व्हरचं घड्याळ परदेशी वेळेवर असेल. नव्हतं. मग वाटलं, तिथी सूर्योदयाला बदलायची की मध्यरात्री, यात घोळ असेल. तोही नव्हता. क्षय तिथी, वृद्धी तिथी सगळं तपासलं. भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडलं, तर कॅलेंडर प्रोग्रामच्या बाजूने निघालं. तेव्हा मी काय म्हटलं असेन? हे कॅलेंडरवाले कुठल्या गावचा सूर्योदय धरतात कोण जाणे. चिडून सगळा प्रोग्राम दुसऱ्या भाषेत नव्याने लिहिला. मेहनत दुप्पट आणि चूक तीच, मिनिटाचाही फरक नाही. त्या दिवशी मी लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की आईने विचारलं, नोकरी गेली का.

बाबांना मी एकदाच, अगदी सहज आवाजात विचारलं, “बाबा, आज तिथी कुठली धरलीत?” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “मला विचारतेस?” एवढंच म्हणाले. मी परत तो विषय काढला नाही.

शेवटी मी त्या कोड लिहून देणाऱ्या एआयला शरण गेले. हल्ली ऑफिसात सगळे त्यालाच विचारतात, मी थोडी हट्टी आहे म्हणून टाळत होते. त्याला सगळा प्रोग्राम दिला आणि विचारलं, यात चूक काय? तो म्हणाला, काही चूक दिसत नाही. मी म्हटलं, आहे, आजचं उत्तर साडेअकरा यायला हवं आणि हा पावणेअकरा दाखवतोय. त्यावर लगेच, तुमचं बरोबर आहे, माझ्याकडून सुटलं, क्षमा करा. आणि एक लांबलचक कारण काढून दिलं, की किनाऱ्यावरच्या काही गावांत तिथी मोजायची स्थानिक पद्धत वेगळी असू शकते, म्हणून आपण एक स्थानिक दुरुस्ती घालूया. कसली पद्धत न् कसलं काय. पण मला ते इतकं पटलं की विचारू नका, कारण मला तेच ऐकायचं होतं. असला होयबा मदतनीस ऑफिसात कुणी माणूस असता तर मी त्याला दुसऱ्या दिवशी ओळखला असता. त्याने अशी सोय करून दिली की रोज बाबांनी सांगितलेली वेळ त्यात भरायची आणि प्रोग्रामने स्वतःला त्याप्रमाणे सरकवून घ्यायचं. वहीतल्या सगळ्या वेळांवर चालवून बघितलं. एकजात सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास. कितीतरी आठवड्यांनी मी त्या दिवशी पोटभर जेवले.

ह्याच दिवसांतली एक गोष्ट सांगायची राहिली. बाबा दुपारी जेवून झोपतात. एकदा चारच्या सुमाराला उठले आणि मोरीपाशी जाऊन आईकडे दंतमंजन मागितलं. आई म्हणाली, “अहो, सकाळी घासले ना दात?” ते जरा थांबले आणि म्हणाले, “तोंड चिकट झालंय म्हणून.” मी आतून ऐकलं आणि हसले. असं आणखी दोन-तीनदा झालं असेल. मी तेव्हा कानात हेडफोन घालून प्रोग्राममधली चूक शोधत होते.

दादाच्या फोनवर प्रोग्राम चढला. आळीत बातमी पसरली आणि ज्याने त्याने आपापल्या फोनवर मागून घेतला. मला आवडलं, खोटं कशाला बोलू. पंधरा वर्षांत मी लिहिलेलं काही माझ्या आळीतल्या माणसाच्या हातात पहिल्यांदा दिसत होतं. ओट्याशी थांबणारे कमी झाले, हेही मला दिसत होतं. बाबा संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्याकडे बघायचे. कुणी थांबलंच तर वेळ सांगताना आवाज जरा मोठा काढायचे.

मग ती द्वादशी आली. आदल्या दिवशी दादा निघताना रीतीप्रमाणे बाबांना विचारून गेला होता. “उद्या साडेअकराला पाणी,” बाबा म्हणाले होते. तो निघण्याआधीच मी तेच त्याच्या फोनमध्ये भरलं, फोननेही साडेअकरा दाखवलं. द्वादशीचं पाणी दहाचं. पौर्णिमा तीन दिवसांवर, म्हणजे उधाण जवळ आलेलं, पाणी चढतं जोरात आणि उतरतंही जोरात. दादा पावणेबाराला खाडीच्या तोंडाशी आला आणि वाळूवर बसला. पाणी बघता बघता निघून गेलं आणि बोट एका कुशीवर कलली. आतलं सगळं एका बाजूला घसरलं, बर्फाची पेटी तलासरीच्या एका खलाशाच्या पायावर आली. खालची एक फळी चिरली. मी खिडकीतून बघत होते. आमची बोट ओळखायला मला चष्मा लागत नाही.

दुपारभर सगळी आळी काठावर होती. त्या खलाशाला दुसऱ्यांनी खांद्यावर घेऊन चिखलातून आणला, तिथून रिक्षाने दवाखान्यात नेला. घोट्याचं हाड मोडलं होतं. काठावर जो तो फोन काढून बघत होता आणि माझ्याकडे बघत होता. कुणी म्हणालं, ॲपने मारलं. दुसरा म्हणाला, तरी मी सांगत होतो. बाबा काठीवर रेलून उभे होते. कुणीतरी त्यांना खूश करायला म्हणालं, “काका, तुमच्या वेळेला असं कधी झालं नाही.” बाबांनी मान हलवली.

मी घरी येऊन लॅपटॉप उघडला. स्थानिक दुरुस्ती काढून टाकली आणि मूळ तीन ओळी चालवल्या. दहा. आधीच्या दिवसांच्या वेळा काढल्या आणि वही समोर धरली. पौर्णिमेला फरक शून्य. काही दिवसांनी एका तिथीचा, मग दोन तिथींचा. अमावास्येला पुन्हा शून्य. पौर्णिमेला आणि अमावास्येला आकाशाकडे बघून बाबांची तिथी आपोआप जागेवर येत होती. मधल्या दिवसांत ते मनात मोजत होते, आणि मनातली तिथी पुढे पळत होती. एका दिवसात दोनदा पळत होती. असं कधी होतं ते मला कळायला हवं होतं, हे माझं पोट भरायचं काम आहे. मोजणी दोनदा चालली की आकडा दोनने वाढतो. बाबा दुपारी झोपून उठायचे, त्यांना वाटायचं उजाडलं. दंतमंजन मागायचे, आणि तिथी एकने वाढवायचे.

माझ्या प्रोग्राममध्ये कधीच चूक नव्हती. मी दोन भाषांत लिहिला, दोन्हींत बरोबर होता. भिंतीवरचं कॅलेंडर बरोबर होतं. तो होयबासुद्धा पहिल्यांदा खरं बोलला होता. माझ्या बाबांचं चुकतंय, एवढी एकच शक्यता मी तपासली नव्हती.

दादा चिखलाने माखलेला घरी आला. ओट्यावर आळीतली पाच-सहा माणसं, बाबा खुर्चीत. तो माझ्यावर ओरडला नाही, तेच जास्त वाईट झालं. म्हणाला, “मला पाणी उतरताना दिसत होतं. डोळ्यांनी दिसत होतं गं. पण बाबा साडेअकरा म्हणालेले, तुझा फोनही साडेअकरा म्हणत होता. दोघं सांगतायत म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय असं वाटलं. मी कारखान्यातला माणूस.”

त्याला दोन साक्षीदार वाटले होते. होता एकच, बाबा; फोनला मी त्यांचंच म्हणणं परत म्हणायला शिकवलं होतं. माझ्या हातात वही होती. वही उघडून दाखवली असती तर माझ्यावरचा आळ दोन मिनिटांत गेला असता. सगळे बघत होते. बाबाही बघत होते, आणि त्यांच्या नजरेत काहीतरी होतं, भीतीसारखं. त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

“माझी चूक आहे,” मी म्हटलं. “प्रोग्राममध्ये घोळ होता. बाबांना मी चुकीचं काहीतरी विचारलं असेन.”

लोक थोडं पुटपुटले आणि पांगले. दादा अंघोळीला गेला. बाबांनी मला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “असू दे बाय, शिकशील. मी आहे ना.”

मी आत गेले, दार लावलं आणि रडले. मग उठून सगळ्यांच्या फोनवर दुरुस्ती नसलेला मूळचा प्रोग्राम चढवला. आळीतले लोक काही महिने तो उघडतसुद्धा नव्हते. त्या खलाशाला बघायला मी तलासरीला दोनदा जाऊन आले. त्याची बायको मला म्हणाली, मशीनचं काय, चुकायचंच. मी तिथेही काही बोलले नाही, आणि ते मला अजून टोचतं. दादाला मी पुढे एकटं गाठून सगळं सांगितलं. तो जाळं विणता विणता म्हणाला, “निघताना मी त्यांना विचारणं सोडणार नाही. फक्त जाईन तो तुझ्या वेळेने.”

आता मी दुपारी चारला हेडफोन काढून ठेवते. मीटिंग असली तर सांगते, घरी काम आहे. बाबा उठायच्या आधी चहा घेऊन बसते, म्हणजे डोळे उघडल्यावर त्यांना चहा दिसतो आणि दुपार आहे हे कळतं. ऑफिसात नवी लायब्ररी आलीय, जुना प्रोग्राम पुन्हा मोडलाय, आणि रस्ट की पायथन हे भांडण तिथेच आहे. मी अजूनही चिडते, शिव्या देते, पण हल्ली लाल ओळी आल्या की आधी त्या नीट वाचते.

मागच्या आठवड्यात बाबा उठले, चहाचा कप हातात घेऊन बसले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “आज तिथी कुठली गं?”

चाळीस वर्षांत त्यांनी हे कुणाला विचारलं नव्हतं. “सप्तमी,” मी म्हटलं.

त्यांची बोटं मांडीवर हलली. “सव्वापाच, वर तास. सव्वासहा,” ते म्हणाले. पाऊणपट अजून चोख होती. मी म्हटलं, हो बाबा, सव्वासहा.

त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला, खाडीकडे बघितलं आणि परत विचारलं, “आज तिथी कुठली?”

“सप्तमी, बाबा,” मी सांगितलं.